एका कंसातले दोघे

सरांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आणि दारातूनच ओरडून विचारायचं, "सर, पाय कुठं टाकू?" कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत बहुतेक वेळा पंगत बसलेली असे. माणसांची नव्हे, लेखांची. भिंतीला लागून ओळीनं पाट मांडलेले, प्रत्येक पाटावर कुठल्या ना कुठल्या राज्यावरचा एकेक शोधनिबंध, आणि पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी घातलेली. मधून सर बनियन आणि पांढऱ्या विजारीत वाढप्यासारखे फिरत असत.

"तितनं नगं, तितं केरळ बसलंय," ते ओरडायचे. "भिंतीकडनं ये."

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मूळचे शिरोळकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. ऊस धाकट्या भावानं सांभाळला आणि पुस्तकं यांनी, आणि दोघांनाही वाटे की आपण दुसऱ्यावर उपकार केलेत. प्रबंधात दुसरं प्रकरण असतं ते साहित्याच्या आढाव्याचं, म्हणजे आपल्या विषयावर आपल्याआधी कोण काय बोलून गेलंय ते सांगायचं. बाकीच्या मार्गदर्शकांकडे या प्रकरणाला फारशी किंमत नसते. पानं भरली की झालं. आमच्या सरांचा जीव मात्र या एकाच प्रकरणात अडकलेला.

"आढावा म्हंजे पंगत," ते सांगायचे. "कोण कुणाच्या शेजारी बसलाय, कोण कुणाकडं पाठ करून बसलाय, कुणाला आग्रह करायचा आन् कुणाला वाढून गप बसायचं, हे कळलं की झाला आढावा. न्हाईतर मग नुसती गर्दी."

आणि हे ते नुसतं बोलून सोडत नसत. खरोखरच पाट उचलायला लावत. "ह्या दोघांचं पटतंय, ह्यांना जवळ बसीव. ह्यो एकटाच बोलतोय, त्याला कोपऱ्यात." मी माझ्या आयुष्यातली दोन वर्षं पाट उचलण्यात घालवली. काकूंना खोली झाडायची असली की त्या म्हणत, "अहो, तुमचा गुजरात जरा उचला." सर गुजरात उचलून खुर्चीवर ठेवत आणि झाडून झालं की पुन्हा जिथल्या तिथं आणून बसवत.

त्यांचा दुसरा नियम याहून जाचक होता. लेखक हयात असेल तर त्याचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत जे लिहिलं ते त्याला फोन करून वाचून दाखवायचं. त्यानं "व्हय, हे माझंच" म्हटलं की मगच तो पंगतीला. "माणसाबद्दल जे लिवतोयस ते त्याच्या तोंडावर सांगाय आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या लेखकांना फोन करता येत नाही, म्हणून त्यांना दोनदा वाचायचं. एकदा आपल्यासाठी आणि एकदा त्यांच्या बाजूनं भांडण्यासाठी.

हे फोन ऐकण्यासारखे असत. सर फोनवर अशा आवाजात बोलत की फोन नसता तरी चाललं असतं. पुण्याच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मी दोन ओळींत बसवलं होतं. सरांनी फोन लावला. "नमस्कार, कोल्हापुरातनं बोलतोय. आमची एक पोरगी तुमच्याबद्दल काय लिवतीया ते जरा ऐका." पलीकडचे गृहस्थ इतके घाबरले की "मी त्या दिवशी पुण्यात नव्हतोच" म्हणाले. दुसऱ्या एका बाईंना आपण असा लेख लिहिल्याचं आठवतच नव्हतं. त्यांनी तो मागवून घेतला, वाचला आणि फार आवडला म्हणून सरांना उलटा फोन केला.

तिसरा नियम नियम नव्हता, ते सरांचं अंगवळणीच पडलं होतं. दिवस बुडायच्या आत जेवायचं. लहानपणापासून घरात तसंच, आणि पुस्तकं कितीही वाचली तरी त्यात बदल नाही. चर्चा कितीही रंगात आलेली असो, काकूंनी आतून "ताट वाढलंय" म्हटलं की सर वाक्य अर्धं टाकून उठत. एकदा विद्यापीठाची समिती विभागात आली होती. अध्यक्षांचा प्रश्न चालू असताना सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, "दिवस चाललाय, जरा थांबा," म्हणाले आणि समितीसमोर डबा उघडून खाऊ लागले. अध्यक्षांना त्यांनी चटणीही देऊ केली.

अशा माणसाच्या हाती एआय पडलं. विभागात कार्यशाळा झाली होती, "संशोधनात एआयची साधने" अशा नावाची. कोट घातलेल्या एका तरुणानं पडद्यावर दाखवलं की आठवडाभराचा आढावा आता चहा होईस्तोवर होतो. सर पहिल्या रांगेत उभे राहिले. "आन् उरलेला आठवडा काय करायचं?" त्या तरुणानं पुढची स्लाइड लावली. सर मात्र घरी येऊन लगेच मला म्हणाले, "घाल की ते माझ्या फोनात. बगूया तरी कोण हाय."

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, म्हणून एआयचं नाव पावणं पडलं. पहिला प्रश्नही तोच, जो सर कुणालाही विचारत. "पावणं, गाव कुठलं?" फोननं गोड आवाजात सांगितलं की मी एक भाषा-प्रारूप आहे, मला गाव नाही, पण कोल्हापूरबद्दल मी तुम्हाला मदत करू शकतो. सरांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "स्वतःचं गाव न्हाय आन् आमच्या गावाचं सांगाय निगालंय."

पण एक सांगायलाच हवं, सर त्याच्यावर खूशही होते. सीमेपलीकडच्या एका कन्नड लेखाचं भाषांतर करून द्यायला ते कितीतरी वर्षं लोकांच्या मिनतवाऱ्या करत होते. घरात बोलण्यापुरतं कन्नड त्यांना येई, वाचता येत नसे. पावण्यानं तो लेख मराठीत करून दिला. सर सद्गदित झाले. त्यांनी काकूंना दोन चहा टाकायला सांगितलं, एक आपला आणि एक पावण्याचा, आणि दोन्ही स्वतःच प्याले. सीमेपलीकडच्या त्या लेखकाला फोन केलाच, तो भाग वेगळा.

त्यांची तक्रार एकच होती. "ह्ये पावणं कशालाच न्हाय म्हणत न्हाय. सकाळी म्या म्हटलं, बायका घरात बोलत न्हाईत. म्हणालं, उत्तम निरीक्षण. दुपारी म्हटलं, बायका घरात लई बोलत्यात. म्हणालं, उत्तम निरीक्षण. असल्याला आमच्याकडं सरपंच करत्यात."

आता माझी अडचण. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, नाहीतर कुणी नाही. पीएच.डी. झाली असती तर कायम होण्याची आशा होती. आणि सर त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत होते. त्याआधी त्यांची प्रबंधावर सही झाली नाही तर मला नवा मार्गदर्शक शोधावा लागणार, आणि नवा मार्गदर्शक नवा विषय काढणार, हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. बाकी सगळं तयार होतं. अडला होता तो आढावा. सरांनाही घाई होतीच, पण पाट काही त्यांच्या हातून सुटत नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "पावण्याला लाव कामाला. त्याला समदं वाचाय दे. नुसतं कोण कुणाजवळ बसतंय तेवढं सांगू दे. मग आपण बगतो."

माझा विषय दूध संस्थांमधल्या बायकांचा. धारा काढायच्या, वैरण घालायची, दूध डेअरीवर पोचवायचं, सगळं बाईनं, आणि संस्थेचा सभासद मात्र घरातला गडी. मग बायकांच्या नावे सभासदत्व द्यायची टूम निघाली. त्यानं घरात काही बदललं का? या प्रश्नावर आमच्या भागात दोनच लेख खरे महत्त्वाचे. एक सरांचा, जुना. दुसरा त्यांच्याच वयाच्या एका प्राध्यापकांचा, त्यांना आम्ही सगळे डोंगरावरचे सर म्हणायचो, कारण ते जोतिबाच्या डोंगरावरचे. शेतकरी घरातले, थोडं आधीच निवृत्त होऊन दोन म्हशी सांभाळत होते. पाट मांडताना सर त्यांचा लेख दाराजवळ ठेवत, तोंड रस्त्याकडे.

या दोघांमध्ये बोलणं नव्हतं. माझ्या शाळेच्या दिवसांपासून नव्हतं. आमच्या विभागात प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बाजूला घेऊन सांगे, की संदर्भ देताना या दोघांची नावं एका कंसात घालू नकोस. दोघांमध्ये निदान एक परिच्छेद ठेव, जमलं तर एखादा नकाशा.

भांडण झालं होतं एका बाईवरून, म्हणजे तसं नव्हे. तरुण असताना दोघं एकाच स्कूटरवरून शिरोळ तालुक्यात फिरले होते, एकाच अभ्यासासाठी. एका गावात नव्यानं सभासद झालेल्या बाईला त्यांनी विचारलं, संस्थेच्या सभेत तुम्ही काय बोलणार? ती म्हणाली, "मालकांना इचारून सांगती." परत येऊन दोघांनी वेगवेगळे लेख लिहिले. सरांनी लिहिलं, हे बघा, नाव बदललं आणि घर आहे तसंच आहे. डोंगरावरच्या सरांनी लिहिलं, ती काय बोलली ते सोडा, ती उभी कुठं होती ते बघा. आधीच्या भेटीत दाराआडून बोलणारी बाई आता उंबरा ओलांडून अंगणात आली होती. पुढं एका चर्चासत्रात जेवणाच्या वेळी दोघांची जुंपली. डोंगरावरचे सर म्हणाले, "तुला बाई दिसलीच न्हाय, नुसतं वाक्य ऐकाय आलं." आमचे सर म्हणाले, "तुला वाक्य ऐकायच आलं न्हाय. तू म्हशी बगत हुतास." ते शेवटचं बोलणं.

पावण्याला यातलं काय ठाऊक? मी दोन्ही लेख त्याला वाचायला दिले, बाकीचेही दिले आणि सरांच्या समोरच उत्तर वाचायला लागले. बरेचसे पाट त्यानं चांगले मांडले होते. सर मान डोलवत होते. मग मी वाचलं, "दोन्ही अभ्यासांनुसार महिलांच्या सभासदत्वामुळे कौटुंबिक निर्णयप्रक्रियेत मर्यादित परंतु लक्षणीय बदल घडून येतो." आणि वाक्याच्या शेवटी एका कंसात दोघं. शेजारी शेजारी, मध्ये नुसता अर्धविराम.

सरांची मान डोलायची थांबली. मग म्हणाले, "म्याडम." ते मला एरवी पोरी म्हणत. म्याडम म्हटलं की समजायचं.

"सर, हे मी नाही लिहिलं."

"मर्यादित परंतु लक्षणीय म्हंजे काय? पाण्यात ताक का ताकात पाणी?"

"मी खोडते सर. दोघांना वेगळं करते."

"तू कशाला खोडतीस? चूक हाय का बरोबर हे कोण सांगणार? त्याचं म्हणणं त्यालाच इचाराय पायजे." एवढं बोलून सरांनी दाराजवळच्या पाटाकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. मी म्हटलं, मी फोन करते. तर म्हणाले, न्हाय, फोन मार्गदर्शकानंच करायचा, नियम हाय. मी म्हटलं, मग करा. तर म्हणाले, आज अमावास्या हाय. अमावास्येला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी मानलं नव्हतं. मी म्हटलं, ते वाक्यच काढून टाकू. तर म्हणाले, दोन पाट रिकामे ठेवून पंगत उठवायची म्हंजे काय चेष्टा हाय का? इकडे महिना संपत आलेला. मला झोप लागेना. सरांचा राग यायचा आणि रागावता येत नव्हतं, कारण या माणसानं मला वाचायला शिकवलं होतं.

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. त्या पुढच्या खोलीत आल्या, दाराजवळचा पाट पायानं सरळ केला आणि म्हणाल्या, "अहो, ह्या पोरीची नोकरी तुमच्या रुसव्यात अडकलीय. लावा की फोन. ते काय तुम्हाला खात्यात?"

सर आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर टोपी घालून. फोनवर बोलायला. मला म्हणाले, "स्पीकर लाव. तू साक्षीला ऱ्हा."

फोन उचलला गेला. मागं म्हैस रेकत होती.

"मी बोलतोय," सर म्हणाले.

"कोण मी?"

"मी म्हंजे मी."

बराच वेळ म्हैसच बोलत होती. मग पलीकडून आवाज आला, "बरं. मग?"

"आमची पोरगी तुमच्याबद्दल लिवतीया. वाचून दावायचा नियम हाय."

"ठाव हाय तुजा नियम. वाच."

सरांनी वाचलं. मर्यादित परंतु लक्षणीय म्हणताना त्यांनी तोंड असं केलं, की जणू भातात खडा लागला.

"हे कुठल्या गाढवानं लिवलंय?"

"एआयनं."

"हे माझं न्हाय."

"मला काय सांगतोस? मला ठाव हाय हे तुझं न्हाय."

"आरं, हे तुझंबी न्हाय!" डोंगरावरचे सर ओरडले. "तुझं वाक्य आसं हाय. 'सभासदाच्या यादीत तिचे नाव आले, पण प्रश्न विचारल्यावर ती अजूनही मागे वळून पाहते. मागे घर आहे, आणि घराने अजून तिला सभासद करून घेतलेले नाही.'" ते थांबलेच नाहीत. पुढचं वाक्य म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं, अख्खा परिच्छेद म्हटला, पाठ केलेल्या आरतीसारखा. आणि शेवटी म्हणाले, "आन् हे साफ चूक हाय."

सर पाटावर बसले. त्या पाटावर तमिळनाडू होतं, पण त्यांना ते कळलंही नाही. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांचा लेख मी कितीतरी वेळा वाचला होता, पण त्यातली एक ओळ मला पाठ नव्हती. आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

"पाठ हाय तुला?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

"चूक हाय म्हणून पाठ हाय. बरोबर आसतं तर इसरलो आसतो."

"ये की," सर म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? वाक्य नीट कराय. पोरीचं काम अडलंय. आन् दिवस बुडायच्या आत ये, जेवाय."

सरांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी डोंगरावरचे सर आले, दह्याचं गाडगं घेऊन. दारात त्यांना त्यांचाच लेख रस्त्याकडे तोंड करून बसलेला दिसला. "मला हितं बसवलाय व्हय रं?" म्हणाले, पाट उचलला आणि सरांच्या लेखासमोर नेऊन ठेवला. सरांनी तो किंचित सरकवून बरोबर समोर आणला. मग दोघं त्या दोन पाटांच्या अलीकडे-पलीकडे बसले आणि भांडायला लागले.

काय भांडले! ती बाई उंबऱ्याच्या आत होती का बाहेर, तिच्या हातात दुधाची चरवी होती का वैरणीची पेंढी, स्कूटर कुणी चालवली होती, सगळ्यावर भांडले. मी मध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. एक वाक्य लिहायचं होतं. मी लिहायचे, एक "व्हय" म्हणायचा, दुसरा "अजिबात न्हाय" म्हणायचा. एकदा मी कंटाळून पावण्यालाच विचारलं. त्यानं सांगितलं की दोन्ही दृष्टिकोन मोलाचे आहेत. "तू गप रं," दोघं एकदमच म्हणाले.

काकूंनी आतून आवाज दिला, "ताट वाढलंय." सर उठले नाहीत. काकूंनी ताटं बाहेरच आणून ठेवली. डोंगरावरचे सर हात धुऊन जेवू लागले आणि घास तोंडात ठेवूनच बोलत राहिले. सर बोलत राहिले आणि जेवले नाहीत.

"लिही," शेवटी डोंगरावरचे सर मला म्हणाले. "एका अंगणातली एक बाई दोघांनी बगितली. एकाला ती काय म्हणाली ते महत्त्वाचं वाटलं, एकाला ती कुठं उभी हुती ते. ह्या दोघांचं पटत न्हाय."

मी ते लिहिण्यातल्या मराठीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. सरांनी ऐकलं. "अजून पटत न्हाय, आसं लिही," ते म्हणाले. मी "अजून" घातलं. "व्हय, हे माझंच," डोंगरावरचे सर म्हणाले. सरांनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली, तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "पण चरवीच हुती."

मला रडू आलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं तेव्हा दिसलं की बाहेर अंधार पडलाय आणि समोरच्या घरात दिवे लागलेत. सरांचं ताट तसंच होतं, दह्याला पाणीही सुटलं होतं. आता ते सकाळपर्यंत काही खाणार नव्हते.

काकूंच्याही ते लक्षात आलं. "अहो, दिवस बुडाला की! जेवायचं राहिलं तुमचं."

सरांनी ताटाकडे पाहिलं, मग समोर दहीभात खात बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "झाकून ठेव. हं, तर काय म्हणत हुतास तू?"